उपडे वाडगे

सकाळी सातला आचाऱ्यानं वॉर्डाचं दार ढकललं आणि तो उंबऱ्यातच थांबला. अकरा पिंजऱ्यांवरचे अकराही वाडगे उपडे होते.

यात थबकण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. म्हणून आधी त्या दवाखान्याची रीत सांगायला हवी. दवाखाना कुत्र्या-मांजरांचा, आणि त्यातही पोटाच्या दुखण्यांचा. डॉक्टरीणबाईंचा त्यातच हात बसलेला. लोक लांबलांबून आपली ओकणारी, जुलाबानं गळालेली, खंगत चाललेली जनावरं तिथं घेऊन यायचे. पोटाच्या दुखण्यात औषधाइतकाच घासाला मान. कुणाला काय द्यायचं, किती द्यायचं आणि कुणाला काहीच द्यायचं नाही, हे ज्याच्या त्याच्या कागदावर लिहिलेलं असे. पण आचाऱ्याला वाचता येत नव्हतं. तो कामाला लागला त्याच आठवड्यात बाईंनी त्याच्यापुरती एक युक्ती काढली. प्रत्येक पिंजऱ्याच्या छपरावर स्टीलचा एक वाडगा ठेवला. वाडगा उताणा असेल तर खायला द्यायचं, उपडा असेल तर नाही. आणि वाडग्याला हात लावायचा तो फक्त बाईंनी. चार वर्षं ही खूण बिनबोभाट चालली होती.

आदल्या संध्याकाळी फक्त दोन वाडगे उपडे होते, त्यातला एक रिकाम्या पिंजऱ्यावरचा.

"काय महाराज, दारातच मुक्काम?" मागून कंपाउंडर आला. चाळिशीचा गडी, जिभेला हाड नाही, पण कामाला चोख. आचाऱ्याला तो महाराजच म्हणायचा.

"हे तू केलंस?"

"काय?"

"वाडगे."

कंपाउंडरनं मान उंचावून पाहिलं. "सगळ्यांना उपास? माझी एवढी छाती असती तर मी इथं पिचकाऱ्या धूत बसलो असतो का?"

"मग कुणी केलं?"

"मांजरांनी ठराव केला असेल. तुमच्या हातचं बिनमिठाचं खाऊन कंटाळली."

बाई आल्या. त्यांनी वाडगे पाहिले, कपाळाला आठी घातली, कागद वाचत वाचत नऊ वाडगे उताणे केले आणि म्हणाल्या, "कुणाची गंमत असेल तर ही शेवटची."

आचारी आपल्या खोलीत गेला. चार शेगड्या, चार पातेली. तीस वर्षं त्यानं माणसांच्या खानावळीत रांधलं होतं. इथं आल्यावर हात नव्यानं वळवावा लागला. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांना विष, म्हणून ते दाराच्या आत आणायचंच नाही. मीठ नाही, फोडणी नाही, हाडाचा तुकडा नाही. कुत्र्यांना गुरगुट्या भात आणि कातडं काढलेली कोंबडी, त्यात उकडलेला भोपळा. मांजरांना भाताचं कौतुक नाही, त्यांना मांसच हवं. हे सगळं तो चवीनं करायचा. खानावळीतला त्याचा एक बोल होता, माझ्या हातून कुणी उपाशी गेलं नाही. तो बोल त्यानं इथंही आणला होता.

त्या सकाळी त्यानं नऊ जणांपुढं अन्न ठेवलं. नऊही जणांनी तोंड फिरवलं.

ओकणारं जनावर तोंड फिरवतं, त्यात नवल नाही. पण दोन नंबरमध्ये एक काळा कुत्रा होता, त्याला कंपाउंडर भस्म्या म्हणायचा. त्याच्या आतड्यात अन्न जिरवणारा रसच उतरत नव्हता. चार माणसांचं खायचा आणि तरी बरगड्या मोजून घ्याव्यात असा दिसायचा. घासात पाचक पूड कालवून दिली की थोडं अंगी लागायचं. एकदा पिंजऱ्यात पडलेला पुठ्ठासुद्धा त्यानं सोडला नव्हता. त्या भस्म्यानं ताटलीकडे पाहिलं, आचाऱ्याकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड करून तो बसला. त्याची लाळ फरशीवर टपटप गळत होती. म्हणजे भूक होती.

आचाऱ्याची नजर रिकाम्या चार नंबरकडे गेली. कारण चोराच्या मनात चांदणं.

अडतीस दिवसांपूर्वीची गोष्ट. चार नंबरमध्ये घड्याळजींचा तांबडा कुत्रा होता, ठोक्या नावाचा. घड्याळं पुसायचं फडकं त्यानं गिळलं होतं. ते आतड्यात अडकलं, बाईंनी पोट उघडून आतडं कापलं, फडकं काढलं, आतडं शिवलं. दुसऱ्या दिवशी ठोक्या उठून बसला. वाडगा उपडा होता. पण संध्याकाळी इतरांना वाढताना आचारी त्याच्यासमोरून गेला की ठोक्या पुढचा पाय जाळीतून बाहेर काढायचा. त्याचं पोट गुरगुरायचं, खोलीभर ऐकू जाईल असं. आचाऱ्याला ते सोसेना. पोटात घास नाही तर हे जनावर अंग कसं धरणार, असं त्याला वाटलं. बाई घरी गेल्यावर सहा वाजता त्यानं वाडगा उताणा केला, भात, कोंबडीचा रस आणि एक उकडलेलं अंडं त्यात घातलं आणि तो पिंजऱ्यात सरकवला. ठोक्यानं तळ चाटून लखलखीत केला. दीड तासानं तो ओकला, अंग पिळवटून ओकला. आचाऱ्यानं ते पुसून घेतलं आणि वाडगा परत उपडा ठेवला. तिसऱ्या दिवशी ठोक्या गेला.

"माझेच टाके सुटले," बाई म्हणाल्या होत्या. आचारी तिथंच उभा होता, हातात फडकं घेऊन. त्या दिवशी तो बोलला नाही, मग दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी जड झालं, आणि मग ते पोटातच राहिलं. वाचता येत नाही, कळलं नाही, असं म्हणायचीही सोय नव्हती. खूण त्याच्यासाठीच केलेली होती. तेव्हापासून बाईंनी एकाही जनावराला कापलं नव्हतं. तसं जनावर आलं की त्या चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या, आणि तो दवाखाना तिथून दिवसभराच्या वाटेवर होता. चार नंबर तेव्हापासून रिकामाच होता.

वाडगे उपडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी, उन्हं खिडकीतून फरशीवर पडलेली असताना, आचारी भोपळा चिरत होता. भिंतीपलीकडून आवाज आला, टण. स्टील पत्र्यावर टेकल्याचा. मग जरा थांबून दुसरा. मग तिसरा. घाई नव्हती. कुणीतरी पिंजऱ्यामागून पिंजरा चालत जावं तसा तो आवाज सरकत होता. त्यानं मोजले. नऊ झाले तेव्हा तो हातात सुरी तशीच घेऊन वॉर्डात गेला.

कुणी नव्हतं. वाडगे सगळे उपडे. दहाही जनावरं जागी, ताठ बसलेली, एकाचाही भुंकण्याचा की गुरकावण्याचा आवाज नाही. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला वळलेली होती, रिकाम्या चार नंबरकडे. ज्या पिंजऱ्यांना मध्ये भिंत आड येत होती, त्यातली मांजरंसुद्धा भिंतीकडे पाहत होती.

कंपाउंडर मागून आला. या खेपेला त्याला विनोद सुचायला वेळ लागला.

"मी औषधाच्या खोलीत होतो, महाराज. बाई बाहेर बसल्यात. तुम्हीच आलात ना आत?"

"आत्ता आलो. आवाज ऐकून."

"सुरी घेऊन?"

आचाऱ्यानं सुरीकडे पाहिलं आणि ती खाली केली. तेवढ्यात त्याला ते ऐकू आलं. गुर्र, मग पाणी हलल्यासारखं, मग पुन्हा गुर्र. भुकेल्या पोटाचा आवाज. तो चार नंबरमधून येत होता, जिथं फरशी तेवढी होती.

"ऐकलंस?"

"काय?" कंपाउंडरनं कान दिला. "तुमचंच पोट बोलतंय. सकाळपासून चहावर आहात."

आचाऱ्यानं पोटावर हात ठेवला. त्याचं पोट गप्प होतं.

घरी त्याच्या पानातलं तसंच राहिलं. बायको त्याच्याकडे बघत होती. चाळीस वर्षं एका ताटलीशी बसलेली बाई, तिला न सांगता कळायचं.

"गावाला खाऊ घालता आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप," ती म्हणाली. "त्या कुत्र्यांचं दुखणं तुम्हाला लागलं की काय?"

"भूक नाही."

"महिना झाला भूक नाही. काही गिळलंय तुम्ही, ते खाली उतरत नाही, एवढंच मला दिसतंय. काय आहे ते विचारणार नाही. विचारलं की तुम्ही भाजीत मीठ कमी आहे म्हणता."

तिनं ताट उचललं.

आता पाच नंबरची हकिकत. तिथं शिवणकाम करणाऱ्या बाईंची मांजर होती, कापशी. पांढरी, गुबगुबीत, उशीसारखी. शिंपीणबाई एकट्या, मशीनशेजारी कापशी, असं त्यांचं अकरा वर्षांचं बिऱ्हाड. घर बदललं, सामान हललं, आणि कापशीनं खाणं टाकलं. दोन दिवस शिंपीणबाईंनी वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी आणली. ती आली त्याच्या दुसऱ्या सकाळपासून वाडगे उपडे व्हायला लागले होते.

तिसऱ्या सकाळी वाडगे पुन्हा उपडे निघाले, आणि कापशीच्या कानांच्या आतली कातडी हळदीसारखी पिवळी झाली होती. बाईंनी तिचं तोंड उघडून हिरड्या पाहिल्या. त्याही तशाच. शिंपीणबाई बाजूला उभ्या होत्या, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच राहिलेली.

"जाड आहे ना ती," त्या म्हणाल्या. "चार दिवस नाही खाल्लं तर काय झालं? अंगात साठा आहे की."

"तो साठाच घात करतो," बाई म्हणाल्या. "कुत्रं आठवडाभर उपाशी काढील. मांजराचं तसं नाही, त्यातून जाड मांजराचं तर नाहीच. पोटात घास गेला नाही की अंगातली चरबी सुटते आणि यकृतात जाऊन बसते. यकृत बंद पडतं. मग मांजर पिवळं पडतं, मळमळतं, आणखीच खात नाही. हिला औषध एकच आहे, अन्न."

"मग घाला ना."

"नाकातून नळी घातली होती. दोनदा शिंकून बाहेर काढली. आता मानेपाशी छेद घेऊन अन्ननळीत नळी बसवावी लागेल. त्याला भूल हवी." बाईंनी कापशीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. "आत काहीच हलत नाहीये. मी तुम्हाला चिठ्ठी देते. मोठ्या दवाखान्यात न्या."

"एवढ्या लांब? पोचेल?"

बाईंनी आपला उजवा हात एप्रनच्या खिशात घातला.

आचारी दारात उभा होता, हातात कोंबडीच्या रश्शाचं भांडं. बाईंना कापशीच्या पोटात जे ऐकू येत नव्हतं, ते त्याला शेजारच्या रिकाम्या पिंजऱ्यातून ऐकू येत होतं. गुर्र. थांबून पुन्हा गुर्र. आता ते इतकं मोठं होतं की पिंजऱ्याची जाळी त्यानं थरथरते आहे असं त्याला वाटलं. भस्म्या उठून उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा. एकेक करून दहापैकी नऊ जनावरं उभी राहिली आणि या खेपेला चार नंबरकडे न बघता आचाऱ्याकडे बघायला लागली. उभी राहायचं त्राण फक्त कापशीत नव्हतं. तिनं नुसते डोळे वळवले.

"चिठ्ठी देऊ नका, बाई," आचारी म्हणाला.

"काका, तुम्ही आत जा."

"तुमचे टाके सुटले नव्हते. घड्याळजींच्या कुत्र्याला मी खाऊ घातलं होतं."

कंपाउंडर पिचकारी धूत होता. पाण्याचा नळ तसाच वाहत राहिला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या ओरडतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी कपाटातून कागदांची चवड काढली, त्यातला एक कागद शोधला, पेनचं टोपण उघडलं.

"काय दिलंत?"

"भात. कोंबडीचा रस. एक अंडं, उकडलेलं."

"किती?"

"वाडगाभर."

"वेळ?"

"सहा. तुम्ही गेल्यावर."

"ओकला?"

"साडेसातला. लई जोर करून ओकला."

"इथं तसं काही लिहिलेलं नाही. पुसलं कुणी?"

"मीच."

"आणि वाडगा?"

"मी उताणा केला. मग परत उपडा ठेवला."

बाईंनी सगळं लिहिलं. लिहून झाल्यावर पेन तसंच कागदावर धरून ठेवलं, तिथं शाईचा ठिपका पसरत गेला.

"तेवढ्यानंच गेला का, हे मला आज सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "टाक्यांतही कसर असेल. पण अडतीस दिवस मी एकच बाजू तपासत बसले. रोज संध्याकाळी घरी जुन्या कापडावर टाके घालून, पाणी भरून बघते, गळतात का. गळत नाहीत. तरी हात धजत नव्हता. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही माझ्यासमोर फरशी पुसत होता."

"हो."

"शिंपीणबाई, बाहेर बसा. चिठ्ठी राहू दे. ती भुलेत दगावू शकते, हे ऐकून मग सही करा. कंपाउंडर, नळ बंद कर आणि टेबल मांड." मग त्या आचाऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला मोजता येतं ना? डोक्याशी उभे राहा. तिचे श्वास मोजा, मोठ्यानं. थांबले की लगेच सांगायचं. यात मला फसवू नका."

आचारी उभा राहिला. कापशीच्या पांढऱ्या छातीवर त्यानं नजर लावली. एक. दोन. तीन. बाईंनी मानेच्या डाव्या बाजूचे केस काढले. नऊ. दहा. पात्याचं टोक टेकलं. बाईंचा हात पहिल्यांदा थोडा हलला, मग हलला नाही. एकवीस. बावीस. बाविसावा श्वास बाहेर गेला आणि पुढचा आलाच नाही.

"थांबला."

कंपाउंडरनं छातीवर बोटं दाबली. "महाराज, मोजायचं सोडू नका."

"काय मोजू? नाहीये."

"आहे तसं बघत राहा," बाई म्हणाल्या. त्यांनी हात थांबवला नव्हता. नळी आत सरकत होती.

ती खोली इतकी गप्प झाली की आचाऱ्याला वाटलं, शेजारच्या वॉर्डातली नऊच्या नऊ, नव्हे दहा जनावरं श्वास धरून बसली आहेत. मग कापशीची छाती फुगली. तेवीस, तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

टाके घालून झाले तेव्हा साडेअकरा वाजले होते. आचाऱ्यानं कोंबडी आणि काळीज वाटून, दोनदा गाळून, कोमट करून आणलं. बाईंनी पिचकारीत अगदी दोन चमचे भरलं.

"एवढंसंच?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"एवढंच. उपाशी पोटाला एकदम भरलं तर तेही जिवावर बेततं. रोज थोडं थोडं वाढवायचं." हे त्या शिंपीणबाईंना सांगत होत्या, पण बघत आचाऱ्याकडे होत्या. आचाऱ्यानं पिचकारीसाठी हात पुढं केला होता. बाईंनी ती कंपाउंडरच्या हातात दिली.

"तुम्ही रांधा, काका. तुमच्यासारखं रांधणारं मला दुसरं मिळणार नाही. पण वाढायचं नाही. वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. आणि घड्याळजींना तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं. मी बरोबर येणार नाही."

तो सुट्टीच्या दिवशी गेला. घड्याळजींच्या दुकानात भिंतीवर वीस-पंचवीस घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते. आचारी बोलत होता तोवर त्यांनी ते काढलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी बराच वेळ एका चाकाचे दात साफ केले.

"आवडीनं खाल्लं का त्यानं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो. चाटूनपुसून."

"बरं," घड्याळजी म्हणाले. "आता जा तुम्ही. परत येऊ नका."

वाडगे त्या दिवसानंतर पुन्हा हलले नाहीत. कंपाउंडर वाढायला लागल्यावर भस्म्यानं पहिल्याच दिवशी दोन ताटल्या फस्त केल्या आणि तिसरीची कड चावली. बाकीचीही हळूहळू खायला लागली. आचारी भिंतीपलीकडे शेगड्यांपाशी बसून ऐकायचा. कंपाउंडर रिकाम्या ताटल्या आणून दाखवायचा, "बघा महाराज, धुवायचीसुद्धा गरज नाही." घरी आचारी थोडं थोडं जेवायला लागला. बायकोनं कारण विचारलं नाही. एके दिवशी फक्त म्हणाली, "आज मीठ बरोबर आहे वाटतं."

कापशीच्या कानांचा पिवळेपणा दहाव्या दिवशी उतरायला लागला. सतराव्या दिवशी सकाळी कंपाउंडर स्वयंपाकाच्या खोलीत आला, आणि त्याच्या तोंडून धड शब्द फुटेना.

"चाटतेय. नळीतून नाही, तोंडानं. ताटलीतलं. या, बघून जा. बाई बाहेर आहेत, कुणी काही म्हणणार नाही."

आचारी उठला. ओले हात पुसत तो वॉर्डाच्या दारापर्यंत गेला. उंबऱ्याच्या अलीकडेच उभा राहून त्यानं दार वीतभर उघडलं. कापशी पिंजऱ्यात ताटलीवर वाकली होती, मानेला पट्टी, जीभ भराभर चालत होती. ती थांबली. तिनं मान वर केली. भस्म्याची चावण्याची हालचाल थांबली. बाकीच्यांनीही तोंडातला घास तोंडात धरला. कुणी गुरकावलं नाही, कुणी दात दाखवले नाहीत. ती सगळी नुसती त्याच्याकडे बघत राहिली आणि वाट बघत राहिली.

"काय झालं यांना?" कंपाउंडर म्हणाला. "आत्ता तर खात होती."

"काही नाही," आचारी म्हणाला. "मी आहे म्हणून."

तो मागं सरला आणि त्यानं दार ओढून घेतलं. शेगडीवर पातेलं खदखदत होतं. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून चाटण्याचा आवाज यायला लागला, आधी एका जिभेचा, मग बाकीच्यांचा. नीट ऐकू यावं म्हणून त्यानं शेगडी बारीक केली.